साडूचं खातं

त्याला सगळे खोडरबर म्हणायचे. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण त्याच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणत, म्हणजे तोंडावरच झालं म्हणा. त्या थोरल्या दवाखान्यात नवं माणूस कामाला लागलं की कॉम्प्युटरच्या यंत्रणेत त्याचं खातं उघडून द्यायचं, आणि माणूस सोडून गेलं की ते खातं पुसून टाकायचं, हे याचं काम. खातं उघडायच्या वेळी लोक दारात उभं राहून घाई करत. पुसायच्या वेळी तिकडं कुणी फिरकत नसे.

जिन्याखाली त्याची खोली होती. मशीन गार राहावीत म्हणून तिथं बारा महिने थंडी सोडलेली, त्यामुळं भर उन्हाळ्यात हा स्वेटर घालून बसायचा आणि जेवायला बाहेर आला की घामानं निथळायचा. स्वेटरचं एक कोपर उसवलेलं होतं. बायको म्हणायची, "अहो, नवा घ्या की एखादा." हा म्हणायचा, "मला बघायला कोण येतंय तिथं?" बोलणं साधंच, पण त्याचं सगळं दुखणं त्या एका बोलण्यात होतं.

कामात मात्र गडी चोख. माणूस गेलं की लगेच नाव पुसायचं नाही, हा त्याचा पहिला नेम. आधी खात्याला कुलूप, म्हणजे गेलेल्याला आत येता येत नाही, पण त्याचं सामान जागेवर असतं. मग त्याच्या नावावर कोणती कामं आपोआप चालू आहेत ते बघायचं. मग सगळ्या यंत्रणेत कोपरा न् कोपरा हिंडायचं, कारण माणसाचं सामान काय फक्त त्याच्या खोलीत नसतं, ओसरीवर पडलेलं असतं, दुसऱ्याच्या कपाटात ठेवलेलं असतं. ते सगळं गोळा करून ज्याचं त्याला लावून द्यायचं, एक प्रत काढून बाजूला ठेवायची, आणि हे सगळं करताना शेजारी दुसरं माणूस साक्षीला बसवायचं. काही दिवस गेले आणि कुणाची ओरड आली नाही, की मगच पुसायची शेवटची कळ.

आणखी एक गोष्ट तो नव्या माणसाला हटकून सांगायचा. यंत्राला आपली नावं कळत नाहीत. त्याला फक्त आकडा कळतो. प्रत्येक खात्याला एक आकडा, आणि सामानावर नाव नाही, तो आकडा कोरलेला. आता खातं पुसलं आणि सामान राहिलं, तर त्या सामानावर आकडा तसाच राहतो. तोच रिकामा आकडा पुढच्या माणसाला दिला, की जुन्याचं सगळं सामान नव्याचं. मागं एकदा असंच सोडून गेलेल्या एका डॉक्टरचा आकडा भांडारातल्या कारकुनाला गेला होता, आणि बिचारा कारकून सकाळी येऊन बघतो तर त्याच्या नावावर लोकांच्या छातीच्या फोटोंचा ढीग. "मी कुणाला हात नाही लावला हो," म्हणून तो हवालदिल झाला होता. ती यंत्रणाही जुनी आणि खोडकर. नवं खातं उघडलं की पहिला रिकामा आकडा उचलून द्यायची. म्हणून खोडरबर तिच्यावर विसंबायचा नाही. आकडा स्वतः घालायचा, कधीही कुणाचा न झालेला.

एवढा सगळा नेम. आणि तो मोडला कुणापायी? तर साडूपायी.

साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याला या दवाखान्यात आणलं कुणी? खोडरबरनंच. सासूबाईंनी गळ घातली, "जावईबापू, धाकट्यांचं कुठं बस्तान बसत नाही, तुमच्याकडं बघा की." यानं शब्द टाकला, साहेबलोकांचे उंबरे झिजवले, साडूला लॅबच्या कॉम्प्युटरवर चिकटवून दिलं. पहिल्या दिवशी साडूचं खातं यानंच उघडलं, आकडाही यानंच घातला. आणि मग पुढचं सगळं डोळ्यांदेखत झालं.

साडू बोलका. शीळ घालत जिना चढायचा. परिचारिकांचे फोन दुरुस्त करून द्यायचा, पहारेकऱ्याच्या मुलीला गणित समजावून सांगायचा, मोठ्या बाईंच्या खोलीत दार न वाजवता डोकवायचा आणि त्या हसायच्या. मोठ्या बाई म्हणजे दवाखान्याच्या प्रमुख. त्यांना हसताना खोडरबरनं त्याआधी पाहिलं नव्हतं. मग साडूनं लॅबसाठी ते चिकटपट्ट्यांचं काम बसवलं. रक्ताची नळी आली, की कुठल्या वॉर्डातला रोगी, कोणती तपासणी, हे सगळं छापलेली पट्टी आपोआप मशीनमधून बाहेर. आधी हातानं लिहायचे, अक्षरं लागत नसत, नळ्यांची अदलाबदल व्हायची. पट्ट्या आल्या आणि ती कटकटच गेली. साडू एकदम देव झाला.

काम चांगलं होतं, हे खोडरबरलाही कळत होतं. तेच तर जास्त झोंबत होतं. पण त्यात एक खोट होती. साडूनं ते सगळं स्वतःच्या खात्यावर चालवलं होतं. खोडरबरनं किती वेळा सांगितलं, "साडूभाऊ, हे कामाचं वेगळं खातं काढून त्याच्यावर टाका. माणसाच्या नावावर दवाखान्याचं काम ठेवू नये."

साडू हसायचा. "दादा, मी कुठं पळून चाललोय?"

आणि आता चालला होता. मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपनीनं बोलावणं धाडलं होतं.

निरोपाच्या दिवशी सकाळी बायकोनं इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला.

"हा घाला. आणि तो स्वेटर आज तरी घरी ठेवा. धाकटीचे यजमान निघालेत, लोक फोटो काढतील."

"माझे कोण काढतंय?"

"त्यांच्या शेजारी उभे राहिलात तर येईल तुमचाही." बायकोनं शर्टाची कॉलर सरळ केली. "आई म्हणत होती, धाकट्या जावयानं नाव काढलं."

"आणि थोरल्यानं?"

"थोरल्यानं काय वाईट केलंय? थोरले आहेत ना आपले जागेवर."

जागेवर! म्हणजे खुर्ची आहे, कपाट आहे, आणि थोरले आहेत. त्यात मुलगी दप्तर भरता भरता म्हणाली, "बाबा, काकांना म्हणावं जायच्या आधी माझं सायन्सचं मॉडेल बघून द्या."

"मी बघतो की."

मुलीनं आईकडं पाहिलं. आईनं डब्याकडं पाहिलं. खोडरबर न खाताच घराबाहेर पडला.

दवाखान्याच्या मोठ्या सभागृहात दुपारी निरोप होता. असा निरोप तिथं डॉक्टरांनाही झाला नव्हता. फुगे लावलेले, केक आणलेला, साडूच्या हातात हा एवढा पुष्पगुच्छ. लॅबचा प्रमुख, ज्याला सगळे लॅबवाले म्हणायचे, गडगडाटी आवाजाचा, तो माईक नसतानाही माईकवर बोलल्यासारखा बोलत होता. "असा माणूस पुन्हा होणे नाही!" टाळ्या. मग मोठ्या बाई उठल्या. म्हणाल्या, "यांनी या दवाखान्यावर आपलं नाव कोरून ठेवलंय. ते कुणाला पुसता येणार नाही."

लोक टाळ्या वाजवत होते. दोघातिघांनी मागं वळून खोडरबरकडं बघितलं आणि गालात हसले. बाईंच्या मनात तसलं काही नव्हतं, पण लोकांच्या होतं. मागच्या रांगेतून कुणीतरी हळूच म्हणालंही, "काय हो, खोडरबरला तरी येईल का पुसता?"

त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आठ आठ महिने कुणाला तोंडही न दाखवता यानं हजारो नावं निगुतीनं उतरवली, एक कागद इकडचा तिकडं होऊ दिला नाही, त्याची कुणी एका शब्दानं दखल घेतली नाही. आणि हा शीळ घालणारा! तो उठला. पोटात दुखल्यासारखा चेहरा केला आणि बाहेर पडला. पोटात दुखत होतंच म्हणा.

जिन्याखालच्या खोलीत गेला, शर्टावर पिशवीतला स्वेटर चढवला आणि मशीनसमोर बसला. वरून टाळ्यांचा आवाज येत होता.

त्याला फक्त कुलूप लावायचं होतं. निदान जिना उतरताना तसं मनाशी ठरलं होतं. पण साडूचं नाव पडद्यावर आलं आणि वर पुन्हा टाळ्या पडल्या, आणि त्याच्या बोटांना जे सुचलं ते डोक्याला सुचलं नव्हतं. खातं पूस. खोलीसकट, म्हणजे आतल्या सामानासकट पूस. यंत्रणेनं आपल्या रिवाजाप्रमाणं विचारलं, नक्की का? साक्षीची खुर्ची शेजारी रिकामी होती. एरवी त्या खुर्चीवर साडूच बसायचा, चहाचा कप घेऊन, गप्पा हाणत. खोडरबरनं त्या खुर्चीकडं बघितलं आणि कळ दाबली. नाव गेलं. ज्या नावानं एवढं सभागृह भरलं होतं ते एका कळीसरशी गेलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की तो एकटाच हसला.

त्या तारेतच त्यानं पुढचं काम उरकलं. साडूच्या जागी एक नवी मुलगी आली होती, नुकतंच शिक्षण संपवलेली, बोलायलाही बिचकणारी. तिला सगळे नुसतं नवी म्हणत. सकाळीच ती दारात येऊन म्हणाली होती, "सर, माझं खातं उघडून द्याल का? म्हणजे मी बसून शिकेन." कामाला लागल्यापासून कुणी त्याला सर म्हटल्याचं त्याला आठवत नव्हतं. तिचं खातं त्यानं उघडलं. आकडा घालायच्या जागी बोट थांबलं नाही. यंत्रणेनं जो दिला तो दिला. फोन करून तिला सांगितलं, "झालं तुझं. बस."

आणि सभागृहात परत आला. केक कापला जात होता. साडूनं पहिला तुकडा हातात घेतला, गर्दीतून वाट काढत आला आणि याच्या तोंडात घातला. "दादांमुळं मी इथं आलो," सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

केक गोड होता. गिळवेना.

तेवढ्यात लॅबमधली परिचारिका धावत आली. हातात नळ्यांचा ट्रे.

"पट्ट्या येईनात! मशीन गप्प पडलंय. वॉर्डातून नळ्या येतायत, कुठली कुणाची काही कळेना."

लॅबवाल्यांनी कपाळाला हात लावला, पण दुसऱ्याच क्षणी त्यांचा चेहरा फुलला. "बघा! बघा बाई, मी काय म्हणालो? अजून माणूस दाराबाहेर पडला नाही, आणि मशीनला कळलं! मशीननं अन्नपाणी सोडलं!"

सगळे हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. साडूनं पुष्पगुच्छ तसाच हातात धरला आणि लॅबकडं निघाला, आणि त्याच्यामागं अख्खं सभागृह, वऱ्हाड निघाल्यासारखं. खोडरबर सगळ्यात मागं. काय झालंय हे त्या सगळ्या वऱ्हाडात त्या एकट्याला कळलं होतं. पट्ट्यांचं काम साडूच्या खात्यावर चालत होतं. खातं गेलं, काम गेलं. यानं ते पुसलं होतं ते साडूचं नाव मिटावं म्हणून. आणि आता त्याचमुळं साडूचं नाव आणखी चार बोटं वर गेलं होतं.

चालता चालता तो मनाशी मार्ग शोधत होता. रोजची प्रत तळघरात असते, त्यातून सगळं परत आणता येईल. पण ते कपाट उघडायला मोठ्या बाईंची सही लागते. सही मागायची म्हणजे कारण सांगायचं.

लॅबमध्ये साडूच्या जुन्या खुर्चीवर नवी बसली होती. एवढी माणसं आत घुसलेली बघून ती ताडकन उभी राहिली. बाजूच्या टेबलावर दोन परिचारिका पेन घेऊन नळ्यांवर हातानं नावं लिहीत होत्या आणि एकमेकींवर खेकसत होत्या.

"हे केव्हा बंद पडलं?" लॅबवाल्यांनी विचारलं.

"आत्ताच, सर. मी खात्यात शिरले, आणि थोड्या वेळानं..."

"तू शिरलीस? आल्या आल्या कशाला हात लावलास?"

"मी कशालाच नाही..."

साडू खाली बसला. पुष्पगुच्छ मांडीवर. त्याचं स्वतःचं खातं उघडेना, म्हणून त्यानं नवीच्याच खात्यातून बघायला सुरुवात केली. पट्ट्यांचे नमुने, तपासण्यांच्या याद्या, सगळं ओसरीवर म्हणजे सामाईक जागेत होतं, ते तसंच होतं. पण त्या प्रत्येकाच्या पुढं मालक म्हणून नाव आलं ते नवीचं. वरपासून खालपर्यंत. नवी, नवी, नवी.

लॅबवाल्यांनी वाकून पाहिलं. "अगं बाई! सगळं आपल्या नावावर करून घेतलंस? पहिल्याच दिवशी?"

"नाही हो! मला ते कसं करायचं हेही माहीत नाही!" नवीचा आवाज चिरकला. तिनं मोठ्या बाईंकडं पाहिलं. बाईंच्या चेहऱ्यावर ते मघाचं हसू नव्हतं.

साडूचे हात थांबले. तो हुशार होता, त्याला कळलं. त्याचं खातं नाही, त्याचं सामान दुसरीच्या नावावर, म्हणजे आकडा रिकामा झाला आणि पुन्हा दिला गेला. हे दोन्ही करू शकणारा माणूस दवाखान्यात एकच. त्यानं मान वळवून गर्दीत पाहिलं. उसवलेल्या कोपराचा स्वेटर त्याला दिसला.

तो उठला, गर्दीतून सरकत खोडरबरजवळ आला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "दादा, काळजी करू नका. मी बघतो. घरातलं घरात."

मग परत फिरून सगळ्यांना म्हणाला, "होतं असं. नवीन माणूस आहे, चुकून काहीतरी दाबलं गेलं असेल. रागवू नका पोरीला. मी आज थांबतो, सगळं नीट करूनच जातो."

"याला म्हणतात माणूस!" लॅबवाले गहिवरले. नवीच्या डोळ्यांत पाणी तरारलं होतं. रागानं का लाजेनं, तिचं तिलाच ठाऊक.

पुढं खोडरबर लोकांना सांगायचा, की मला त्या पोरीची दया आली म्हणून मी बोललो. दया आली नव्हती असं नाही. पण तेवढीच असती तर तो बोलला नसता, मूग गिळून उभा राहिला असता, आणि दुसऱ्या दिवशी तिला चहा पाजला असता. त्याला बोलायला लावलं ते त्या "मी बघतो" नं. म्हणजे याची चूक आता साडू पोटात घालणार. आयुष्यभर घालणार. सासूबाईंच्या घरी जेवायला बसल्यावर हा ताटाकडं बघणार आणि तो शीळ घालत याच्याकडं बघून हसणार, आणि कुणाला काही कळणार नाही. ही मेहरबानी गिळण्यापेक्षा तो मघाचा केक अख्खा गिळला असता.

आणि दुसरं असं, की मशीन साडूच्या विरहानं बंद पडलं, असं सगळे म्हणत होते. विरहानं! या इमारतीत आयुष्य घालवल्यावर पहिल्यांदा यानं असं काही केलं होतं की सगळे धावत सुटले होते, आणि तेही अर्धं साडूच्या नावावर, अर्धं पोरीच्या!

"थांबा!" तो ओरडला. एवढ्या मोठ्यानं की ट्रेमधल्या नळ्या किणकिणल्या. "मशीन काही कुणासाठी रडत नाही. मी बंद पाडलंय ते."

सगळ्यांनी वळून पाहिलं. खोडरबरचा आवाज कसा असतो हे बऱ्याच जणांना तेव्हाच कळलं.

"दादा..." साडू म्हणाला.

"तू गप्प बस." त्याच्या तोंडून साडूला आजवर कधी तू गेलं नव्हतं. "तुझं खातं मी पुसलं. तुझी भाषणं चालू होती तेव्हा खाली जाऊन पुसलं. कुलूप नाही लावलं, प्रत नाही काढली, साक्षीला कुणी नाही बसवलं. आणि तुझा रिकामा झालेला आकडा या मुलीला चिकटवला. म्हणून तुझं सामान तिच्या नावावर दिसतंय. तिनं एका कळीला हात लावलेला नाही. चूक माझी आहे, ती माझ्याच नावावर राहू दे. ती तरी तू घेऊ नकोस."



मोठ्या बाई पुढं आल्या. "तुम्ही? तुमच्या हातून तर कधी एक गोष्ट इकडची तिकडं झाली नाही. तुम्ही असं का केलंत?"

म्हणजे बाईंना माहीत होतं! कधी काही इकडचं तिकडं झालं नाही, हे त्यांना माहीत होतं, आणि एवढी वर्षं त्या एका शब्दानं बोलल्या नव्हत्या. त्याला हसावं का रडावं कळेना.

"पोटात दुखत होतं, बाई," तो म्हणाला.

कुणीतरी मागं फिस्सकन हसलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी थोडा वेळ त्याच्याकडं बघितलं, मग साडूच्या हातातल्या पुष्पगुच्छाकडं. बहुधा सगळं कळलं त्यांना.

"तळघराच्या कपाटाला सही लागते ना? कुठं करू?"

मग काम सुरू झालं. रोजची प्रत काढली. नवीचं खातं उचलून दुसऱ्या, कोऱ्या आकड्यावर नेलं. साडूचं खातं पुन्हा त्याच्या आकड्यावर उभं केलं. खोडरबर हुकूम देत होता, साडू कळा दाबत होता, नवी एक एक गोष्ट मोठ्यानं वाचून ताळा करत होती. साडू मध्येच म्हणाला, "तुम्ही सांगत होता, कामाचं वेगळं खातं काढा. मी काढायला हवं होतं."

"हवं होतं," खोडरबर म्हणाला. एवढं मात्र त्याला गोड लागलं.

दिवस मावळायच्या आत पहिली पट्टी मशीनमधून बाहेर आली. लॅबवाल्यांनी टाळ्या वाजवायला हात उचलले, पण कुणासाठी वाजवाव्यात हे न कळून खाली घेतले.

शिक्षा झाली. व्हायलाच हवी होती. एकट्यानं खातं पुसायचा त्याचा अधिकार बाईंनी काढून घेतला. यंत्रणेतच तशी सोय करून घेतली, की दुसऱ्या माणसानं आपल्या खात्यातून होकार दिल्याशिवाय शेवटची कळ चालायचीच नाही. दुसरं माणूस म्हणून नेमली नवी. बढती व्हायची होती ती राहिली. लोक आता त्याला तोंडावर खोडरबर म्हणायला लागले, आणि गंमत म्हणजे ते त्याला पहिल्याइतकं लागेनासं झालं.

घरी त्यानं बायकोला सगळं सांगितलं. ती पदराला हात पुसत ऐकत होती.

"सगळ्यांच्या समोर बोललात?"

"हो."

"धाकटीच्या यजमानांना 'तू' म्हणालात?"

"म्हणालो."

बायकोनं ताटं मांडायला घेतली. थोड्या वेळानं फोन वाजला, सासूबाईंचा. बायको आतल्या खोलीत जाऊन बोलली आणि बाहेर आली.

"काय म्हणतात?"

"काय म्हणायचंय? इतका वेळ तुमच्यावरच बोलत होती. धाकट्यांचा विषयसुद्धा निघाला नाही." आणि ताट वाढता वाढता म्हणाली, "असलं पुन्हा करू नका हं. तरीपण."

तिनं त्या तरीपणचं पुढं काही केलं नाही, आणि त्यानंही विचारलं नाही.

साडू गेला. पट्ट्यांचं काम वेगळ्या खात्यावर नीट बसवून गेला. जाताना मुलीचं सायन्सचं मॉडेलही बघून गेला, आणि शीळ घालत जिना उतरला. पोटातली कळ पुन्हा उठली ती उठलीच. असल्या गोष्टी एकदा कबुली दिली म्हणून जात नाहीत.

आणि मग साडूचं खातं दुसऱ्यांदा पुसायची वेळ आली. या वेळी सगळं रीतसर. कुलूप कधीच लागलं होतं. नवी शेजारच्या खुर्चीवर बसली होती, तिनंही आता स्वेटर आणला होता. चालू कामं? एकही नाही. ओसरीवर सामान? सगळं लावून दिलं. प्रत? काढली, कपाटात गेली. कुणाची ओरड? नाही.

"आणि आकडा?" नवीनं विचारलं.

"आकडा राखीव. पुन्हा कुणाला द्यायचा नाही."

"कधीच नाही?"

"कधीच नाही. हा दवाखाना उभा आहे तोवर तो याचाच."

म्हणाला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं. तो खुर्चीत मागं टेकला. नेम त्याचाच होता, चांगला होता, त्यात काही काढण्यासारखं नव्हतं.

"मेला," तो म्हणाला, "नाव पुसलं तरी जागा अडवून बसलाय."

नवी हसायला लागली ती थांबेना. हसता हसताच तिनं आपल्या खात्यातून होकार दिला. खोडरबरनं उसवलेलं कोपर टेबलावर टेकवलं, पडद्यावरचं ते नाव पुन्हा एकदा नीट वाचून घेतलं, आणि कळ दाबली.